रस्त्याकडची खोली

जे झालं ते एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली झालं. नंतर तिला त्याची आठवण आली नाही असं नाही, पण इतकी वर्षं ती आठवण आपल्या जागी निमूट पडून असायची. एका सकाळी मात्र ती उठून अंगावर आली. उंच इमारतीतल्या मुलाच्या घरात, आपल्या छोट्या खोलीत, ती पलंगावर बसून चष्मा चाचपत होती, तेवढ्यात समोरच्या भिंतीवर मसुराच्या दाण्याएवढा लाल ठिपका उमटला. ठिपका थरथरला, कपाटावरून सरकला, तिच्या पायांवरच्या चादरीवर आला आणि थांबला. दारात एक मुलगी उभी होती, हातात साबणाच्या वडीएवढं यंत्र. "घाबरू नका आजी, मोजणी चाललीय. घरपट्टीची." तिने पलंगावरूनच विचारलं, "फीत कुठाय?" मुलगी हसली. "फीत आता कोण वापरतं? हा ठिपका जिथवर जातो तिथवरचं अंतर आपोआप कळतं." मागून सुनेचा आवाज आला, "खाली नोटीस लागली होती ना, सगळ्याच घरांची मोजणी आहे." मुलगी यंत्राच्या काचेवर बोट फिरवत, मान खालीच ठेवून, दर घरी विचारत असेल तितक्या सहज म्हणाली, "या खोलीत कोण झोपतं?"

सुनेने उत्तर दिलं. "आमच्या सासूबाई." मुलगी पुढच्या खोलीत गेली, ठिपकाही गेला, आणि ती मात्र तिथेच बसून राहिली, चष्मा हातात आणि तोंड अर्धवट उघडं. कुणीतरी अचानक थंड हात मानेवर ठेवावा तसं झालं होतं. प्रश्न तोच होता, शब्दही तेच. तेव्हा तो विचारणाऱ्या माणसाला सर्दी झालेली होती आणि त्याच्या हातात चामड्याच्या डबीतली फीत होती, एवढाच काय तो फरक. तिला आता खोलीत नव्या कापडाच्या खळीचा वास येऊ लागला. इथे या घरात तसा वास येण्याचं काहीच कारण नाही. सून सगळं तयार आणते, पिशवीत घातलेलं, वास नसलेलं. पण वास आला, कोरडा, किंचित गोडसर, घशाच्या मागे जाऊन बसणारा, आणि त्याच्यामागून तो सगळा रस्ता आला.

रस्ता पुलाकडे जायचा. पुलाच्या टोकाला आडवा दांडा होता, एक पहारेकरी खुर्ची टाकून बसलेला असायचा, आणि पुलाच्या त्या अंगाला जे होतं त्याला गावात कुणीच नावाने हाक मारत नसे. 'पलीकडे' म्हणायचे. पलीकडची माणसंही ह्यांना 'पलीकडचे'च म्हणत असणार. बोली तीच, विनोद तेच, फक्त कायदा आणि कचेऱ्या निराळ्या. ती लग्न होऊन आली तेव्हा गिऱ्हाईक तिकडून इकडे यायचं. सकाळी दांडा वर गेला की बायका पिशव्या घेऊन पूल उतरायच्या आणि सगळा रस्ता गिऱ्हाइकांनी गजबजून जायचा. कापडाचं दुकान पुलाच्या बाजूने आलं की पहिलंच. रस्त्याला दोन शटर, आत एकच लांब खोली, मधे कमान, आणि तिन्ही भिंतींना छतापर्यंत फळ्या. वर दुकानाची पाटी होती, तिच्यावरचा हिरवा रंग मामंजींच्या वडिलांनी स्वतः दिलेला.

मामंजी, म्हणजे तिचे सासरे, गिऱ्हाईक आलं की उभे राहायचे. ह्यात विशेष काय असं कुणालाही वाटेल. पण ते उभं राहणं ठरवून केलेलं नव्हतं. उंबऱ्यावर पाऊल वाजलं की त्यांचे गुडघे त्यांना न विचारता उठायचे. जेवताना, जमाखर्च लिहिताना, एकदा तर ताप चढलेला असताना. "या, या. बसा. काय दाखवू?" आणि उत्तर पुरतं कानावर पडायच्या आत तागा फळीवरून हातात आलेला असायचा. मग ते मनगटाला एक हिसका द्यायचे, तागा काउंटरवर गडगडत उलगडायचा, कापडाचा तो फडाड असा एक सुखाचा आवाज व्हायचा, आणि मामंजी म्हणायचे, "आधी हात लावा, मग बोलू." भाव एकच. घासाघीस करणाऱ्याला ते बोट वर करून पाटी दाखवायचे. "भाव बदलायचा तर पाटीही बदलावी लागेल, आणि ती रंगवणारे आता नाहीत." एकदा घाईत लोकरीच्या कापडाचा भाव त्यांच्या तोंडून भलताच कमी गेला. चूक लगेच लक्षात आली. मुलाने मागून खाकरून इशारा दिला. मामंजींनी त्या बाईला तर त्या भावाने दिलंच, पण तो सबंध तागा संपेपर्यंत जो येईल त्याला त्याच भावाने कापून दिला. मुलगा, म्हणजे तिचा नवरा, जेवणावरून उठून गेला त्या दिवशी. मामंजी शांतपणे म्हणाले, "एकदा सांगितलं की सांगितलं." पुढे त्या घरात हे वाक्य थट्टेत फार वापरलं गेलं. आमटीत मीठ जास्त पडलं तरी तिचा नवरा म्हणायचा, एकदा घातलं की घातलं.

तिला कापड शिकवलं ते मामंजींनी. नव्या सुनेने दुकानात यायचं नसतं असं म्हणणारी माणसं होती, पण सासू आधीच गेलेली आणि मामंजींना सोबत हवी होती. ते तिला डोळे मिटायला लावायचे आणि हातात तुकडे द्यायचे. सुती, मिश्र, लोकरी, पुन्हा सुती पण दुसऱ्या गिरणीचं. "डोळ्यांनी नको बघूस मुली, डोळे रंगाला भुलतात." ती चुकायची, ते हसायचे, बोटांच्या टोकांना हळूहळू समज यायची. आजही सून एखादा नवा कपडा दाखवायला आणते तेव्हा ती आधी डोळे मिटते. सुनेला वाटतं, ह्यांना आवडला नाही.

गिऱ्हाईक उलटं कधी फिरलं हे नेमकं सांगता येत नाही. पलीकडच्या नगरपालिकेने दुकानांवरची करपट्टी उतरवली एवढं निमित्त झालं. ती उतरली तशी तिथली दुकानं स्वस्त झाली, मोठी झाली, काचेची झाली. संध्याकाळी पुलावर उभं राहिलं की त्यांच्या पाट्यांचे रंगीत दिवे पाण्यात पडलेले दिसायचे. आता सकाळी दांडा वर गेला की इकडच्याच बायका पिशव्या घेऊन पूल चढू लागल्या. काही जणी कापडाच्या दुकानासमोरून जाताना मान वळवून दुसरीकडे बघायच्या, तेवढी भीड होती. आणि इकडच्या नगरपालिकेचं काय, तर गावाचे दिवे लागायला हवेत, पाणी यायला हवं, गटारं वाहायला हवीत. म्हणून नगरपालिकेने पट्टी वाढवली. तेव्हा चपलांचं दुकान बंद पडलं. बंद दुकान पट्टी देत नाही, म्हणून त्याचा वाटा उरलेल्यांवर आला. मग भांड्यांचं गेलं. मग दिव्यांचं. एकेक शटर खाली यायचं आणि उघडं राहिलेलं प्रत्येक दुकान त्या रात्रीपासून थोडं अधिक जड व्हायचं. समोरचा घड्याळवाला भिंग डोळ्याला लावूनच म्हणायचा, "वहिनी, आता तुम्ही आणि मी एवढेच उरलो की अख्ख्या गावाचे दिवे आपल्या दोघांच्या जिवावर. तुम्ही उजवीकडचे लावा, मी डावीकडचे लावतो." ती म्हणायची, "आणि पाणी?" "पाणी डोळ्यांतलं पुरेल." आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसायचा. त्याच्या दुकानातली सगळी घड्याळं निरनिराळी वेळ दाखवायची. दुरुस्तीला आलेल्या घड्याळांना, तो म्हणे, स्वतःची मतं असतात.

पट्टी आकारण्याची पद्धत अशी होती की दुकान रस्त्याला जेवढं रुंद उघडेल तेवढी पट्टी. खोली आत किती खोल आहे ह्याला किंमत नव्हती, रस्त्याकडच्या रुंदीला होती. म्हणून जुन्या गावात दुकानं अरुंद आणि लांबच लांब असायची. पण मामंजींच्या वडिलांनी बांधलं तेव्हा पट्टी नावापुरती होती, त्यांनी ऐसपैस दोन शटर काढली होती. आता त्यातलं दुसरं शटर त्यांना बुडवायला निघालं होतं. तिच्या नवऱ्याने एका रात्री जेवल्यावर बोटाने ताटात रेघ ओढली. "इथून भिंत. कमानीत फळ्या मारायच्या. ते शटर काढून विटा रचायच्या, खिडकी ठेवायची. तिकडची खोली राहती झाली की तिला घराचा दर लागतो, दुकानाचा नाही." मामंजी ताटातल्या रेघेकडे बघत होते. "आणि राहायचं कुणी?" नवरा म्हणाला, "तुमचे गुडघे दुखतात. जिना चढायचा त्रास..." "जिन्याचं मला सांगू नकोस. पट्टीचं सांग." तेव्हा त्याने सरळ सांगितलं. मोजणीवाला येऊन बघणार. खोलीतून दुकानात जायला दार चालणार नाही, आणि तिथे माणूस खरोखर झोपत असला पाहिजे. त्याने ती खोली घर म्हणून लिहिली तर दुकान तग धरेल. दुकान म्हणून लिहिली, तर वर्ष संपायच्या आत दोन्ही शटर उतरवून टाकावी लागतील. मामंजींनी पाणी प्यायलं, भांडं खाली ठेवलं. "ठीक आहे. पलंग खिडकीशी लावा. मला रस्ता दिसला पाहिजे."

गवंडी आला, विटा आल्या. शटर उपसून काढताना ते इतकं ओरडलं की घड्याळवाला समोरून धावत आला. कापडाच्या फळ्या काढल्या तेव्हा भिंतीवर त्यांच्या जागा उमटून राहिल्या, फिकट, लांबट चौकोन, एकावर एक, छतापर्यंत. ती चुन्याचे हात देत होती, पण चौकोन पुन्हा वर यायचे. आणि वास तर कशानेच जाईना. साबणाच्या पाण्याने जमीन घासली, खिडकी दिवसरात्र उघडी टाकली, तरी दार उघडलं की खळीचा वास पुढे यायचा, एखाद्या जुन्या नोकरासारखा. तिला रात्री झोप लागेना. तो माणूस येईल, नाक वर करील आणि म्हणेल, हे तर कापडाचं दुकान. कमानीत फळ्या ठोकल्या गेल्यावर मामंजींना दुकानात यायचं तर खोलीच्या मागच्या दाराने स्वयंपाकघरात, तिथून घराच्या अंगाने जाणाऱ्या, काटकोनात वळणाऱ्या बोळातून, असा वळसा पडायचा. ते तो वळसा रोज घ्यायचे. सकाळी अंघोळ झाली की काठी टेकत यायचे, उरलेल्या अर्ध्या दुकानात आपल्या खुर्चीवर बसायचे. "माझ्या घराहून कामावर आलो," म्हणायचे. पहिले काही दिवस ह्याची त्यांना गंमत वाटत होती. गंमत वाटत असावी असं निदान तिला वाटत होतं.

मोजणीवाला आला तो दुपारी. गावात त्याला सगळे फीतवाले म्हणायचे. हडकुळा, सर्दी झालेला, रुमाल हातातच. नवऱ्याने सगळी तयारी करून ठेवली होती, जरा जास्तच. पलंगाशेजारी स्टुलावर औषधाची बाटली, तिच्यात रंगीत पाणी. घड्याळवाल्याने एक घड्याळ आणून भिंतीला लावलं होतं, "आजाऱ्याच्या खोलीत घड्याळ लागतं हो, त्याशिवाय आजार वेळेवर होत नाही." मामंजी भडकले होते. "मला काय धाड भरलीय? धडधाकट माणसापुढे बाटली कसली ठेवता?" "बाबा, डोळे मिटून पडून राहायचं. बाकी काही नाही." "दुकानात कधी डोळे मिटले नाहीत मी." "ते दुकान नाही आता!" नवरा एकदम बोलून गेला. जाता जाता त्याने तिला बाजूला घेऊन पढवून ठेवलं, काही विचारलंच तर म्हणायचं की ते भ्रमिष्ट झालेत, जुनं काहीबाही बोलतात. तो दुकानात जाऊन बसला, फळ्यांच्या त्या बाजूला. खोली दाखवायचं काम तिच्याकडे आलं.

फीतवाला मागच्या दाराने आला. उंबऱ्याशी थांबून त्याने बूट पुसले, हे तिला आवडलं होतं. मामंजी डोळे मिटून, चादर हनुवटीपर्यंत घेऊन पडले होते, आणि ती मनातल्या मनात ते वाक्य घोळवत होती, भ्रमिष्ट झालेत, जुनं बोलतात, भ्रमिष्ट झालेत. फीतवाल्याने उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं. पाऊल फरशीवर वाजलं.

आणि मामंजी उभे होते. मधलं काही तिला दिसलंच नाही. आडवे होते ते उभे होते, पांढरे केस विस्कटलेले, चेहऱ्यावर ते जुनं मोकळं हसू. "या, या. बसा. काय दाखवू?" त्यांचा हात सवयीने मागे फळीकडे गेला, फळी नव्हती, नुसता चौकोन होता. हात क्षणभर हवेत थांबला. मग खाली आला आणि त्याला चादर सापडली. मनगटाला हिसका बसला, चादर हवेत उघडली आणि पलंगावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फडाड करून पसरली. "आधी हात लावा, मग बोलू." आणि फीतवाल्याने, काही कळायच्या आत, रुमाल खिशात कोंबला आणि चादरीला हात लावला. जुनी, धुऊन धुऊन विरलेली चादर होती ती. आतून फळ्यांच्या पलीकडून नवऱ्याच्या खुर्चीचा आवाज आला, एवढंच.

फीतवाला तसाच वाकून, बोटं कापडावर ठेवून उभा राहिला. मग त्याने भिंतीकडे पाहिलं, खालपासून वरपर्यंत, चौकोन चौकोन. तिला वाटलं, आता नाक वर करील. त्याला सर्दी होती. तो फार हळू, जवळजवळ अपराध्यासारखा म्हणाला, "या खोलीत कोण झोपतं?"

वाक्य तिच्या तोंडात तयार होतं. त्याला फक्त बाहेर सोडायचं होतं. पण ते सोडायचं म्हणजे त्यांच्यासमोर, त्यांच्या तोंडावर, त्यांना वेडं म्हणायचं. ज्या माणसाने तिला डोळे मिटून बघायला शिकवलं त्या माणसाला. मामंजींनी तिच्याकडे पाहिलं. ती नजर तिने हजारदा पाहिली होती. भाव सांगण्याआधी ते गिऱ्हाइकाकडे असं बघायचे, सावकाश, मायेने, ह्याला नेमकं काय परवडेल ते जोखत. तिला काय परवडणार नाही ते त्यांना दिसलं असावं.

"मी झोपतो," मामंजी म्हणाले.

"आणि दुकान?"

"दुकान?" त्यांनी चादरीची दोन टोकं जुळवली, काठाला काठ, जशी ते नेहमी जुळवायचे. "दुकान होतं तेव्हा होतं. आता माझं दुकान नाही. मी नुसता राहतो इथे. म्हाताऱ्याच्या हातांना खोड असते साहेब, मनावर घेऊ नका." त्यांनी घडी घातली, तिच्यावरून एकदा तळहात फिरवला, पलंगावर बसले, आडवे झाले आणि तोंड खिडकीकडे केलं.

फीतवाल्याने फीत काढलीच नाही. खोलीभर एकदा बघितलं, खिशातून पेन्सिल काढली, काहीतरी लिहिलं. दाराशी जाऊन तो वळला. "कापड चांगलं आहे," म्हणाला, आणि गेला. घर म्हणून लिहिलं होतं त्याने.

नवरा आनंदाने वेडा व्हायचा बाकी होता. बोळातून पळत आला, बाटलीतलं रंगीत पाणी खिडकीबाहेर ओतलं, "बाबा, काय बोललात! मला तर वाटलं संपलं सगळं!" मामंजींनी खिडकीकडचं तोंड वळवलं नाही. संध्याकाळी ते दुकानात आले नाहीत. तिला वाटलं, दमले असतील. दुसऱ्या दिवशी अंघोळ झाली, काठी कोपऱ्यात तशीच. ती बोलवायला गेली. "मामंजी, चला ना. तुमची खुर्ची पुसून ठेवलीय." "नाही मुली. सांगितलं ना त्याला." "कुणाला?" "त्याला. दुकान माझं नाही म्हणून." नवऱ्याला आधी हसू आलं, मग राग आला. "अहो बाबा, ते त्या कामापुरतं होतं! सरकारी माणसाला सांगायला!" मामंजी म्हणाले, "भाव काय माणूस बघून सांगायचा असतो?" आणि नंतर, हळूच, "एकदा सांगितलं की सांगितलं." या वेळी कुणी हसलं नाही. घड्याळवाला समजूत घालायला आला, नाना तऱ्हा करून पाहिल्या. शेवटी म्हणाला, "मग मी तुमच्या घरी येऊन बसतो, तुम्ही मला गिऱ्हाईक समजा." मामंजी हसले. "बस की. पण विकायला काही नाही माझ्याकडे."

पुढचं सगळं तिने फळ्यांच्या या बाजूने ऐकलं. दुकानात ती काउंटरपाशी बसायची, पाठ फळ्यांना. उंबऱ्यावर पाऊल वाजायचं, गिऱ्हाईक आत यायचं, आणि तिच्या पाठीमागे पलंग करकरायचा. पहिल्यांदा तिला कळलंच नाही. मग कळलं, तेव्हा हातातली कात्री तशीच राहिली. ते उठत होते. त्या बाजूला, रिकाम्या खोलीत, चौकोनांच्या समोर, दर गिऱ्हाइकाला उठून उभे राहत होते. थोडा वेळ काहीच नाही. ती तागा उलगडायची, भाव सांगायची, आणि गिऱ्हाईक बाहेर पडलं की मग पलंग पुन्हा करकरायचा, बसल्याचा. तिने हे नवऱ्याला सांगितलं नाही. त्याला ऐकू येत असणारच. पण तोही बोलला नाही, आणि दोघं जण एकमेकांपासून तो आवाज लपवत राहिले. ती तागा जोरात आपटू लागली, फडाड व्हावं म्हणून, पलीकडे ऐकू जावं म्हणून. कधी कधी गिऱ्हाईक नसतानाही ती तागा उलगडायची. पण मामंजींना फसवता येत नसे. पाऊल वाजल्याशिवाय पलंग वाजत नसे. पावलं कमी होत गेली. पुलापलीकडचे दिवे वाढले, इकडची पट्टी पुन्हा वाढली, उरलेल्या एका शटरवरही भार येऊन बसला. करकरही कमी होत गेली. आधी काय कमी झालं, गिऱ्हाईक की त्यांचं बळ, हे तिला आजही सांगता यायचं नाही. एक दिवस एक बाई आत आली, परकर शिवायला कापड मागितलं, आणि पाठीमागे काहीच वाजलं नाही. तिने तागा तसाच खाली ठेवला आणि बोळातून धावली.

त्यांना शेवटचं बाहेर काढायचं तर बोळाच्या त्या काटकोनातून नेता येईना. माणसं दोनदा वळवून बघून थांबली. घड्याळवाला म्हणाला, "फळ्या काढा." नवऱ्याने स्वतः खिळे उपसले. कमान उघडी झाली, आणि मामंजींना उचलून दुकानात आणलं. काउंटर आडवं येत होतं, ते सरकवायला माणसं थांबली, आणि तेवढा वेळ मामंजी दुकानाच्या मधोमध राहिले, भरल्या फळ्यांच्या समोर. कुणीतरी घरातली पहिली हाताला आली ती चादर त्यांच्यावर घातली होती. ती काउंटरच्या मागे उभी होती. या, असं म्हणायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. ती पुढे झाली आणि चादरीला हात लावला. डोळे मिटले. सुती, जुनं, दुसऱ्या गिरणीचं.

त्याच वर्षी दुकान बंद झालं. पाटी उतरवताना दुभंगली. नवऱ्याने पलीकडे एका काचेच्या दुकानात नोकरी धरली, काउंटरच्या मागे, आणि तिथे भाव पडेल तसा सांगत असे. घरी आल्यावर त्याबद्दल कधी बोलला नाही. तो गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. घड्याळवाला सगळ्यांत शेवटपर्यंत राहिला. रस्त्यावर त्याचं एकच शटर उघडं होतं तेव्हाही तो सांगत असे की दोन्हीकडचे दिवे आता मीच लावतो. मग मुलीकडे गेला. त्याने त्या दिवशी भिंतीला लावलेलं घड्याळ परत न्यायचं राहून गेलं, ते तिच्याकडेच आहे, चालत नाही. फीतवाल्याची बदली झाली. जायच्या आदल्या दिवशी तो दुकानाशी आला होता म्हणे, शटर बंद बघून थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. त्याला काय हवं होतं ते कुणी विचारलं नाही. पुलावरचा दांडा पुढे काढून टाकला, आणि पलीकडच्या काचेच्या दुकानांचंही काही खरं राहिलं नाही असं कानावर आलं. राहती केलेली ती खोली कुणीतरी गोदाम म्हणून भाड्याने घेतली. चौकोन अजून दिसत असतील.

मोजणीची मुलगी सही घ्यायला परत आली तेव्हा सून तिला म्हणाली, "सासूबाईंचं वय झालंय, जरा सांभाळून बोला." सुनेचं वाईट नव्हतं मनात. नातवंडं दुसऱ्या गावी असतात, मुलगा उशिरा येतो, सगळं नीट चाललंय. फक्त त्या सकाळपासून फोनवर कुणी तिची चौकशी केली की सून एवढंच सांगते, सासूबाईंची झोप गेलीय. दारात कुणाचंही पाऊल वाजलं की त्यांचा पलंग करकरतो.